आधी छपाई, मग चर्चा

‘एकदिवसीय राष्ट्रीय बहुविद्याशाखीय चर्चासत्र’ ही शब्दावली आपल्या महाविद्यालयांच्या फलकांवर आता इतकी रुळली आहे, की तिच्यात काही चमत्कारिक असल्याचे कोणालाच जाणवत नाही. आवाका राष्ट्राचा, विस्तार सर्व विद्याशाखांचा आणि मुदत सकाळी दहा ते सायंकाळी पाच. त्यातून दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, बीजभाषण, भोजन आणि समारोप वजा जाता उरतात ते दोन-अडीच तास. एवढ्या अवधीत वाणिज्य, ग्रंथालयशास्त्र, प्राणिशास्त्र, शारीरिक शिक्षण, इतिहास आणि मराठी अशा विषयांतील पन्नास-साठ निबंध ‘सादर’ व्हायचे असतात. सत्राध्यक्ष घड्याळाकडे बोट दाखवतात. निबंधवाचक ‘वेळेअभावी केवळ निष्कर्ष वाचतो’ असे म्हणतो, निष्कर्ष वाचतो, प्रमाणपत्र घेतो आणि परतीची बस गाठतो. आपल्यानंतरच्या माणसाला ऐकायला तो थांबत नाही. त्याने थांबावे अशी अपेक्षाही कोणी करत नाही.

या प्रकाराची टिंगल करणे सोपे आहे. इंग्रजीत डेव्हिड लॉज यांनी ‘स्मॉल वर्ल्ड’ (१९८४) या कादंबरीत परिषदांच्या निमित्ताने जगभर हिंडणाऱ्या प्राध्यापकांची यथेच्छ थट्टा केली आहे. मराठीत नेमाड्यांच्या ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) या कादंबऱ्यांनी महाविद्यालयीन जगाचे अस्तर उलटे करून दाखवले. पण तो काळ चर्चासत्रांच्या सुगीच्या आधीचा. (आजच्या चर्चासत्राला तितक्याच तिखट नजरेचा कादंबरीकार लाभावा, असे आम्हांला मनापासून वाटते.) आमचा हेतू मात्र थट्टेचा नाही. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड अशा गावांतून शिकवणाऱ्या प्राध्यापकाला आपल्या विभागाबाहेरचा, आपल्या विषयाबद्दल काही नवे सांगणारा माणूस भेटण्याचे चर्चासत्र हे जवळजवळ एकमेव निमित्त असते. मोठ्या शहरात व्याख्याने असतात, जुनी ग्रंथालये असतात, पुस्तकांची दुकाने असतात. तेथे एखादे चर्चासत्र वाया गेले तर फारसे बिघडत नाही. येथे ते वाया गेले, की वर्षाकाठची एक संधी गेली. म्हणून या विषयाचा विचार लहान गावाच्या बाजूनेच करायला हवा.

असे का झाले याचे उत्तर प्राध्यापकांच्या आळसात शोधण्याची प्रथा आहे. आम्हांला ती मान्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकाच्या एकेका शैक्षणिक कृतीला गुण लावले आणि ‘एपीआय’ ही अक्षरे स्टाफरूमच्या बोलण्यात कायमची दाखल झाली. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचल्यास १० गुण, राष्ट्रीय परिषदेत ७.५, प्रादेशिक वा राज्य पातळीवर ५ आणि विद्यापीठ वा महाविद्यालयाच्या स्थानिक पातळीवर ३. २०१८ मध्ये नवे विनियम आले, आकडे उतरले. परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेला ७, देशातल्या देशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीयला ३, राज्य वा विद्यापीठ पातळीला २. क्रम तोच राहिला. निबंध कशाविषयी आहे, त्यात नवे काय, तो कोणी ऐकला, त्यावर कोणी काय विचारले, यांसाठी या तक्त्यात रकाना नाही. मोजले जाते ते अंतर. परिषद घरापासून जितकी दूर, तितके गुण अधिक. जिल्ह्यातल्या महाविद्यालयाने जिल्ह्यातल्या प्रश्नावर जिल्ह्यातल्याच जाणत्या माणसांना बोलावून दोन दिवस बसावे, हे शहाणपणाचे असले तरी या हिशेबात आतबट्ट्याचे ठरते. मग फलकावर ‘राष्ट्रीय’ येते. परदेशस्थ कोणी परिचित पडद्यावर दहा मिनिटे दिसला, की तेच ‘आंतरराष्ट्रीय’ होते. नॅकला द्यावयाच्या अहवालांतही किती चर्चासत्रे घेतली, परिषदांच्या ग्रंथांत किती निबंध आले, असे आकडेच भरायचे असतात. २०२० च्या टाळेबंदीत तर सभागृहाचीही गरज उरली नाही. गूगल फॉर्म भरला, की ई-प्रमाणपत्र टपालपेटीत येऊन पडू लागले. ‘बहुविद्याशाखीय’ हे विशेषणही याच गरजेपोटी आलेले आहे. एका विषयावर बोलावले तर वीस माणसे येतील, सर्व विषयांवर बोलावले तर दोनशे, आणि नोंदणीशुल्कावर खर्च निघायचा असेल तर दोनशेच हवीत. तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण प्राध्यापक हे शुल्क आपल्या तुटपुंज्या मानधनातून भरतो, ही गोष्ट आम्हांला या साऱ्या प्रकारात सर्वांत अधिक खुपते.

तरीही गुणांचा हिशेब ही बाहेरची गोष्ट झाली. खरी हानी आणखी एका रीतीने झाली आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. ती रीत अशी : चर्चासत्रात वाचायचा निबंध चर्चासत्राच्या आधीच छापून झालेला असतो. माहितीपत्रकात निबंध पाठवण्याची अंतिम तारीख असते, शब्दमर्यादा आणि टंक ठरलेला असतो, आणि उद्घाटनाच्या वेळी मान्यवरांच्या हस्ते रंगीत कागद फाडून ज्या ग्रंथाचे प्रकाशन होते, त्यात तो आयएसबीएन क्रमांकासह मिळतो; किंवा एखाद्या नियतकालिकाच्या ‘विशेषांका’त आयएसएसएन क्रमांकासह. दुपारी व्यासपीठावरून जे वाचले जाते, ते सकाळीच प्रकाशित झालेले असते.

परिषद नावाच्या गोष्टीचा उपयोग तरी काय? माणूस काही लिहितो आणि ते छापतो, यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती बसते. लिहिलेले चार जाणकारांपुढे ठेवायचे. कोणी म्हणतो, हा ताम्रपट तुम्ही समजता त्या राजाचा नाही. कोणी म्हणतो, या शब्दाचा अर्थ आमच्या भागात वेगळा आहे. कोणी नुसतेच विचारतो, ‘हे तुम्हांला कशावरून कळले?’ घरी जाऊन निबंध पुन्हा लिहायचा, मग छापायचा. ती मोकळी जागाच आपण बुजवून टाकली. छापून झालेल्या निबंधाला प्रश्न विचारणे निरुपयोगी असते, आणि निरुपयोगी म्हणून हळूहळू असभ्यही ठरते. आम्ही ऐकलेल्या सत्रांत प्रश्न विचारणाऱ्याकडे सभागृह ज्या नजरेने पाहते, ती नजर लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला हिशेब विचारणाऱ्या माणसाच्या वाट्याला येते.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून निरर्थक वाक्ये जुळवून एक ‘शोधनिबंध’ तयार करवला आणि तो एका परिषदेने स्वीकारला. आपल्याकडे अशा छपाईला आळा घालण्याचे प्रयत्न झाले. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आणली आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. याद्या येतात आणि जातात. पण निबंध ऐकून झाल्यावरच छापावा, हा साधा नियम कोणत्याही यादीने घातला नाही.

वेगळे काही मराठीत घडलेच नाही, असे मात्र नाही. मराठी अर्थशास्त्र परिषदेची अधिवेशने गावोगावच्या महाविद्यालयांत भरत आली. एरवी केवळ इंग्रजीत चालणारा विषय तेथे मराठीत वादाला घेतला गेला आणि ‘अर्थसंवाद’सारखे त्रैमासिक त्या बळावर उभे राहिले. मराठवाडा इतिहास परिषदेने या विभागाचा इतिहास याच विभागातील अध्यापकांकडून लिहवून घेतला. आणि साहित्याच्या अभ्यासकाला ज्याचा विसर पडू नये असे उदाहरण म्हणजे ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून हे त्रैमासिक चालवले आणि त्याच्या मेळाव्यांतून, ज्यांच्या घरात लिहिण्याची परंपरा नव्हती अशी मुले उभी राहून बोलू लागली. मेळाव्याच्या नावातच लेखकाच्या बरोबरीने वाचकाला जागा आहे, याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. आपल्या चर्चासत्रांत श्रोता नावाची व्यक्ती उरलेली नाही. सभागृहात जे बसलेले असतात ते सारे आपल्या पाळीची वाट पाहणारे वक्ते असतात, आणि मागच्या रांगांत, हजेरी घेऊन बसवलेले विद्यार्थी.

‘बहुविद्याशाखीय’ या शब्दाला काही अर्थ असू शकतो का, हा यापुढचा प्रश्न. असू शकतो असे आमचे मत आहे. पण त्यासाठी विद्याशाखांची यादी करून चालत नाही, अनेक विद्याशाखांवाचून उलगडणार नाही अशी एखादी वस्तू समोर असावी लागते. अशी वस्तू परभणी जिल्ह्यात शोधायला फार दूर जावे लागत नाही. जिंतूर तालुक्यात येलदरी आहे. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून पुढे गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णेवर (तापीला मिळणारी विदर्भातली पूर्णा वेगळी) येथे धरण आहे. त्याची साठवण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर आणि पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता २२.५ मेगावॅट. हैदराबाद राज्य १९५६ मध्ये मोडले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच दशकात ही भिंत पुरी झाली. येलदरीतून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वरला अडवले जाते आणि तेथून कालव्यांनी वसमतकडे जाते. धरण एका तालुक्यात आणि भिजणारे रान मुख्यतः दुसरीकडे. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर तर दुसऱ्या जिल्ह्यात. आता वरच्या बाजूला खडकपूर्णा धरण झाले आहे, त्यामुळे येलदरी भरणार की नाही हे बुलढाणा जिल्ह्यातल्या पावसावर आणि तेथल्या दरवाजांवर अवलंबून असते.

एवढ्या माहितीवर कोणत्याही एका विभागाला निबंध लिहिता येईल. भूगोलाचा प्राध्यापक पाणलोटावर लिहील, अर्थशास्त्राचा सिंचनावर, प्राणिशास्त्राचा जलाशयातल्या माशांवर. पण पाण्याखाली गेलेल्या जमिनींचा प्रश्न निघाला, की एकट्याने भागत नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ चा. म्हणजे येलदरीच्या पाण्यात ज्यांची शेते गेली, त्यांच्यासाठी त्या वेळी कायदाच नव्हता. त्यांना काय मिळाले, कशाच्या आधारे मिळाले, हे पाहायचे तर जुन्या महसुली कागदांपर्यंत जावे लागेल, आणि निजामाच्या राज्यातल्या त्या कागदांसाठी उर्दू जाणणारा माणूस शेजारी बसावा लागेल. किती महाविद्यालयांत उर्दूचा अध्यापक आणि अर्थशास्त्राचा अध्यापक एका कागदावर एकत्र वाकले आहेत? मराठीचा अध्यापक ‘झाडाझडती’ (१९९१) शिकवतो. विश्वास पाटील यांची ही कादंबरी धरणग्रस्तांविषयीचीच. ती शिकवताना सह्याद्रीकडे पाहायचे आणि जिंतुराहून जवळ असलेल्या जलाशयाकडे पाहायचे नाही, हा केवळ सवयीचा भाग आहे.

परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि जिल्ह्यातली पारंपरिक महाविद्यालये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. ज्वारीवर काम करणारा शास्त्रज्ञ आणि लोकसाहित्यावर काम करणारा अध्यापक यांच्यात अंतर आहे ते रस्त्याचे नाही, संलग्नतेचे. (ज्या शास्त्रज्ञांनी ज्वारीच्या वाणाला ‘परभणी मोती’ हे नाव दिले त्यांना भाषेचा कान होता, एवढे तरी मराठी विभागांनी मान्य करावे.) बी. रघुनाथांचेच पाहा. परभणीचा हा कवी-कादंबरीकार निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात नोकरी करत होता आणि १९५३ मध्ये, चाळिशीतच गेला. त्याच्या कादंबऱ्यांतली दफ्तरी उर्दू, जमीनदारी, सरकारी नोकरीतला कोंडमारा हे सारे आजच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवायला मराठीचा अध्यापक एकटा पुरा पडत नाही. इतिहासाच्या आणि उर्दूच्या अध्यापकांनी त्याच वर्गात तासभर बसावे, एवढीच गरज असते. माहितीपत्रकावर ती ‘आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन’ अशी लिहिली जाते आणि तेथेच राहते.

खरोखर अनेक विद्या एकत्र आल्या म्हणजे काय होते, याचा नमुनाही याच जिल्ह्याला स्पर्श करून गेलेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. गावोगावच्या बायकांनी ओव्या सांगितल्या, गायल्या, त्यांतल्याच काहींनी त्या गोळाही केल्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोहोंचे जाणकार त्यात आले, ध्वनिमुद्रण झाले, वर्गीकरण झाले. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आज कोणालाही पाहता येतो, आणि परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्या त्यात आहेत. समाजशास्त्र, संगीत, संगणक, भाषा आणि दळणाऱ्या बाईचे स्वतःचे ज्ञान यांना एकत्र आणणारी गोष्ट एकच होती : त्यांपैकी एकाही विद्येला ती ओवी एकटीने पुरती कळणारी नव्हती. हे काम महाविद्यालयांच्या बाहेर झाले, याची रुखरुख आम्हां अध्यापकांना वाटायला हवी.

भाषेचा मुद्दा येथे टाळता येणार नाही. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. विज्ञानापासून तत्त्वज्ञानापर्यंतची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग काढला होता. मराठवाड्यातल्या मुलांना ती भाषा परकी होती, हा अन्याय खराच. पण एका भारतीय भाषेत सर्व विद्या शिकवता येतील, हा विश्वास त्या राज्याने आपल्या भाषेपुरता का होईना बाळगला. मराठीत मराठी विश्वकोशाने तो बाळगला. १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला तेव्हा सर्व शास्त्रांचे जाणकार मराठीत लिहीत होते. आज, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतरही (ऑक्टोबर २०२४), आमच्या चर्चासत्रांतला भूगोलाचा किंवा वाणिज्याचा प्राध्यापक मोडक्या इंग्रजीत निबंध वाचतो आणि वाचून झाल्यावर, जेवणाच्या रांगेत, तीच गोष्ट सुरेख मराठीत समजावून सांगतो. ती रांगेतली पाच मिनिटे ज्यांनी अनुभवली आहेत, त्यांना चर्चासत्र कशाला म्हणावे हे वेगळे सांगायला नको.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येईल तो ठाऊक आहे. हे सारे पगारी, कायम प्राध्यापकांचे बोलणे. ज्याला मुलाखतीला जायचे आहे त्याने प्रमाणपत्रे गोळा करायची नाहीत काय? करावीत. नियम त्याने केलेले नाहीत. पण चर्चासत्र भरवणारे महाविद्यालय काही गोष्टी कोणाच्या परवानगीवाचून करू शकते. साठऐवजी आठ निबंध ठेवता येतात आणि प्रत्येकाला अर्धा तास देता येतो, त्यातला अर्धा प्रश्नांसाठी. ग्रंथ तीन महिन्यांनी काढता येतो, त्यात निबंधांच्या खाली झालेली चर्चा छापता येते, आणि ज्याने चांगला प्रश्न विचारला त्याचे नाव त्या पानावर देता येते. आयएसबीएन क्रमांक तीन महिन्यांनीही मिळतोच. छापील निबंधालाच जे गुण असतील ते तेव्हाही मिळतील. २०१८ च्या विनियमांत वाचलेला आणि ग्रंथात छापलेला निबंध एकदाच मोजला जातो. राहिला प्रश्न दोनशे नोंदण्यांच्या उत्पन्नाचा. आठ वक्त्यांना मांडवही लागत नाही आणि शालीही आठच लागतात.

येलदरीचे पाणी जेव्हा प्रथम चढले तेव्हा जे विशी-पंचविशीत होते, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. बुडालेल्या रानांची, ओढ्यांची, पाणवठ्यांची नावे ज्यांच्या बोलण्यात अजून येतात अशी ही शेवटची पिढी. त्यांच्यापैकी दोघा-तिघांना पुढच्या हिवाळ्यात जिंतुरात बीजभाषणाला बोलवावे, त्यांच्यासमोर भूगोलाच्या प्राध्यापकाने जुना नकाशा पसरावा, मराठीच्या विद्यार्थ्यांनी ऐकतील ती नावे जशीच्या तशी टिपून घ्यावीत, आणि नकाशावरचे नाव चुकले आहे असे कोणी म्हटले, तर ते तेथेच खोडून दुरुस्त करावे.